शिक्केनविसांच्या वहीतलं कापलेलं पान

१

प्रमोदिनीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते.

"उषा, आमच्या वंशावळीतलं पान चोरीला गेलंय," ती म्हणाली. "एकच. पण नेमकं जे हवं होतं तेच. तू लगेच ये."

मेथी तशीच टाकून मी निघाले. आधी माझी ओळख देते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही कोण टिकोजीराव. झाशीत मराठी माणसं दोन प्रकारची. एक राणीच्या वेळची, म्हणजे ज्यांचे पूर्वज कारभाराला नाहीतर भिक्षुकीला महाराष्ट्रातून इकडे आले ती. दुसरी आमच्यासारखी, रेल्वेच्या बदलीने भुसावळहून येऊन इथेच मुरलेली. पहिली माणसं दुसऱ्यांना चहा पाजतात, पण जरा वरून पाजतात. प्रमोदिनी शिक्केनवीस पहिल्या प्रकारातली असूनही तशी नाही, म्हणून आमची मैत्री चाळीस वर्षं टिकली. मी पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षं होते. लोक पत्ता अर्धवट लिहायचे आणि मी त्या पार्सलांचे धनी हुडकत बसायचे. ती खोड निवृत्त झाल्यावरही गेली नाही, आणि गल्लीत कुणाची चावी हरवली तरी बोलावणं मलाच येतं.

शिक्केनविसांचं घर बडा बाजारच्या मागच्या गल्लीत आहे, दुमजली, खाली स्टेशनरीचं दुकान भाड्याने दिलेलं. वरच्या बैठकीत सगळे जमले होते. खुर्चीत दत्तात्रेयजी, प्रमोदिनीचे थोरले भाऊ, वय ब्याऐंशी, कलेक्टर कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. दाराशी त्यांचा मुलगा सुबोध आणि सून मेघना. आणि सतरंजीवर एक अनोळखी गृहस्थ मांडीवर जुनी वही घेऊन बसलेले.

"हे मिलिंद शिक्केनवीस, पुण्याचे," प्रमोदिनी म्हणाली. "कुलवृत्तांत समितीचे."

कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या समस्त घराण्यांचं पुस्तक, मूळ पुरुषापासून काल जन्मलेल्या बाळापर्यंत. पुण्याचे शिक्केनवीस ते छापत होते आणि झाशीची शाखा त्यात घ्यायची की नाही, हे ठरवायला मिलिंदराव सोमवारी आले होते. आज बुधवार. सकाळी त्यांनी वहीत 'विठ्ठलपंत' या पिढीचं पान काढायला घेतलं, तर बारानंतर एकदम पंधरा, मधला कागदच नाही.

"शनिवारच्या गाडीने मी परत जाणार," मिलिंदराव अवघडून म्हणाले. "ते पान मिळालं नाही तर झाशीची शाखा वगळावी लागेल. माझा नाइलाज आहे हो."

दत्तात्रेयजींनी झाशीच्या शाखेचं प्रकरण लिहायला आयुष्याची तीस वर्षं घातली होती. मला वाटलं म्हातारा आता कोसळणार. पण डोळ्यांत पाणी आलं ते प्रमोदिनीच्या. तिने मला जिन्यात नेलं.

"दादाचं नाव सुबोधमुळे राहील, सुबोधचं त्याच्या पोरांमुळे," ती म्हणाली. "माझं लग्न झालं नाही, उषा. कुठल्या सासरच्या वंशावळीत मी नाही. या पुस्तकात एक ओळ येणार होती, 'कन्या प्रमोदिनी, शिक्षिका.' तेवढीच. झाशीची शाखा गेली की मी कुठेच नाही बघ."

शहात्तर वर्षांच्या बाईने असं म्हणावं, मला फार वाईट वाटलं. मी वही मागून घेतली आणि खिडकीशी नेऊन उघडली. जुन्या वह्या दुमडलेल्या कागदांच्या असतात. एका बाजूचं पान कापलं की दुसऱ्या बाजूचं त्याचं जोडपान सुटं होऊन पडतं. इथे ते पडलं नव्हतं. मी शिवणीत बोट घातलं. जोडपान कुणीतरी बारीक पट्टी लावून, नीट दाबून, परत चिकटवलं होतं. चोराने चोरी केली होती आणि जाताना वहीची डागडुजी करून गेला होता.

२

मिलिंदरावांना मी पहिल्यांदा धरलं. कारण उघड होतं. वही मोडी लिपीत, आणि नेमकं कुठलं पान कापायचं हे कळायला मोडी यायला हवी. मिलिंदरावांना येते. शिवाय मंगळवारी दुपारी, घरचे जेवायला बसलेले असताना, ते वहीबरोबर तासभर एकटे होते.

"मी आठव्या पानापर्यंतच पोचलो होतो," ते म्हणाले. "विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका."

"ठेवायचा की नाही ते मागाहून बघू. आधी मला सांगा, एका पानावाचून एवढं अडलंय कशाला?"

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. शिक्केनवीस हे हुद्द्याचं आडनाव. दरबारच्या कागदावर शिक्का उठला की त्याची नोंद ठेवायची, हे त्यांचं काम. समितीकडे पुण्याचा एक जुना कागद आहे. त्यात लिहिलंय की घराण्यातला धाकटा भाऊ उत्तरेस झाशीकडे गेला, आणि त्याच्या नातवाचं नाव केशवपंत. झाशीच्या वहीतही बाराव्या पानावर केशवपंत आहेत. इथवर सगळं जुळतं.

"मग घोडं अडलं कुठे?"

"गोत्रावर. आमचं वासिष्ठ, यांचं काश्यप. एका कुळात दोन गोत्रं कशी असतील? म्हणून आम्ही रक्ताची तपासणी करायची ठरवली. पुण्याचे एक शिक्केनवीस आणि इथले सुबोध, दोघांचे नमुने दिले. त्यात बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जाणारी खूण बघतात. तीन आठवड्यांपूर्वी निकाल आला." त्यांनी मान हलवली. "काही म्हणजे काही जुळत नाही. मला वाटतं हुद्द्यावर दोन वेगळी माणसं होती, दोघांना एकच आडनाव पडलं. यांचं-आमचं नातंच नसावं."

"पण केशवपंत तुमच्याही कागदात आहेत ना?"

"आहेत."

"नुसतं नाव नव्हे, आजोबांच्या नावासकट?"

"हो. जुळतात."

"म्हणजे केशवपंतांपर्यंत हे तुमचेच. मोडलं असेल तर त्यांच्यानंतर मोडलं. आणि केशवपंतांनंतरचंच पान गेलंय."

मिलिंदराव माझ्याकडे बघत राहिले. पुण्याच्या माणसाला गप्प केल्याचं सुख फार वेळा मिळत नाही, म्हणून मीही थोडा वेळ तशीच बसले. मग त्यांनी हळूच विचारलं, "ताई, या घरात मोडी आणखी कुणाला येते?"

मला ठाऊक होतं. दत्तात्रेयजी दोन वर्षांपूर्वी, ऐंशीव्या वर्षी, मोबाईलवर वर्ग लावून मोडी शिकले होते. पण वंशावळीसाठी डोळे फोडणारा माणूस स्वतःच तिचं पान कापेल? माझ्या मनात पाल चुकचुकली, आणि मी तिला हाकलून दिली. ती माझी पहिली चूक.

३

सुबोध बँकेत आहे. पन्नाशीचा, भला माणूस. मराठी कळतं सगळं, बोलताना मात्र गाडी हिंदीच्या रुळावर जाते.

"मावशी, मी काय करणार त्या पानाचं? मला तर ती लिपी काळ्या मुंग्या वाटते," तो म्हणाला. "हां, रिपोर्ट आला तेव्हा वाईट वाटलं. आत्या दोन दिवस गप्प होती. मी बाबांना बोललो की छोडो ना, नका जाऊ त्या किताबमध्ये. इथे कोणी विचारत नाही आपण कोण. दुकानवाले भैया आम्हाला आजपण 'पंडितजी मरहट्टे' म्हणतात, एवढंच नाव आहे आमचं."

"बाबा काय म्हणाले?"

"तेच तर अजीब आहे. मला वाटलं चिडणार. बोलले, 'तू म्हणतोस तेही बरोबर.' तीस साल मेहनत केली आणि असं बोलले."

मेघना स्वयंपाकघरात होती. ती ग्वाल्हेरची, बोलायला मोकळी. पितृपक्ष संपत आला होता, सोमवारी घटस्थापना, आणि ती डबे घासून पालथे घालत होती.

"उषाताई, मी काय सांगू, या घराच्या तऱ्हाच वेगळ्या. आता हा टोप बघा." तिने एक लहान पातेलं दाखवलं. आतून निळसर डाग. "पक्षाच्या आधी बाबांनी यात मैद्याची खळ शिजवली, पुस्तकं चिकटवायला. वर मोरचूद घातला, कीड लागू नये म्हणून. विष ते. माझं दुधाचं पातेलं गेलं कामातून."

"कधी बरं?"

"रिपोर्ट आला त्याच आठवड्यात. मी बोलले पण त्यांना. त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं, एरवी ऐकत नाहीत."

मला वहीची शिवण आठवली. पट्टीच्या कडेला बाहेर आलेली खळ वाळून निळसर झाली होती. म्हणजे पान मंगळवारी गेलं नव्हतं. मिलिंदराव पुण्याहून निघायच्या कितीतरी आधी ते गेलं होतं.

"आणखी कुठल्या तऱ्हा?" मी विचारलं, कारण बोलणाऱ्या माणसाला थांबवू नये, हे मी नोकरीत शिकले.

"घटस्थापनेच्या दिवशी आजेपाडवा ना. आमच्या माहेरी त्या दिवशी नातू आईच्या वडिलांचं करतो. मुलगा बापाचं करतो ते पक्षात, नातू आजोळचं करतो ते पाडव्याला. साऱ्या जगात असंच. इथे काय, तर घरातले सगळे मिळून केशवपंतांचं ताट वाढतात. अहो, ते यांच्या वडिलांकडच्या वंशातले. पक्षात तीन पिढ्यांच्या वरचं नाव कोणी घेत नाही, आणि यांचं ताट मात्र दरवर्षी, तेही आजोळच्या दिवशी. मी सासूबाईंना विचारलं होतं. म्हणाल्या, चालत आलंय, चालू दे."

मी हातातला कप खाली ठेवला. मेघनाला वाटलं चहा बिघडला. चहा उत्तम होता, माझंच डोकं भलत्या दिशेला पळालं होतं.

४

गुरुवारी दुपारी मी प्रमोदिनीला घेऊन गच्चीत बसले. वही बरोबर होती. मोडी मला येत नाही, पण वहीची शेवटची दोन पानं बाळबोधात होती, म्हणजे आपल्या साध्या देवनागरीत. वर लिहिलं होतं, 'या घरच्या बायका'.

"ही कमळाआजीने लिहिलीत," प्रमोदिनी म्हणाली. "आजोबांनी पुरुषांची वंशावळ लिहिली, तर ती म्हणाली माझ्या जावा-सासवांची मी लिहीन. मोडी तिला कुणी शिकवली नव्हती, म्हणून बाळबोधात."

नऊ नावं होती. लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, तेव्हापासून माहेरचं नाव पुसलं जातं. कमळाआजीने मात्र दोन्ही नावं जपली होती. 'सासरचे कमळा, माहेरचे चिमी.' 'सासरचे उमा, माहेरचे ठकू.' नऊपैकी आठ बायकांना दोन-दोन नावं. पाचव्या ओळीत मात्र एकच नाव, 'अनुसूया', आणि पुढे कोरी जागा.

"विठ्ठलपंतांची बायको. आमची पणजी," प्रमोदिनी म्हणाली. "पोरकी होती म्हणतात. सत्तावन्नच्या धामधुमीत तिचं सगळं घर गेलं, तेव्हा दहा वर्षांची होती. मऊरानीपुरात कुणीतरी लपवून ठेवलं म्हणून वाचली. तिचं माहेर कुणाला माहीत नसेल."

"माहेर माहीत नसेल, समजू शकते. पण दहा वर्षांच्या मुलीला स्वतःचं नाव माहीत नसतं का? ते तर तिने सुनेला सांगितलंच असतं."

प्रमोदिनी विचारात पडली. ती गणिताची शिक्षिका होती, तिला घाई केलेली खपत नाही, म्हणून मी थांबले.

"म्हणजे तिचं नाव बदललंच नाही," ती सावकाश म्हणाली. "कारण ती सासरी गेलीच नाही. तिचं सासर आणि माहेर एकच होतं. उषा, केशवपंतांचा मुलगा विठ्ठल नव्हता. केशवपंतांची मुलगी अनुसूया होती. विठ्ठल घरजावई होता."

सगळं जागच्या जागी बसलं. गोत्र काश्यप, कारण ते विठ्ठलाचं. आडनाव शिक्केनवीस, कारण ते अनुसूयेचं. रक्ताची खूण जुळली नाही, कारण ती बापामागून चालते आणि इथे धागा मुलीच्या हातात होता. आणि आजेपाडव्याला केशवपंतांचं ताट, कारण अनुसूयेच्या मुलाने ते आईच्या वडिलांना वाढलं, आणि पुढे कुणी थांबवलंच नाही. पुस्तकी मंडळींनी रक्त तपासलं, गोत्र तपासलं, पण बायकांची दोन पानं कुणी वाचली नाहीत. वंश म्हटलं की आपण पुरुषांचीच नावं मोजतो, तीच सवय सगळ्यांना नडली.

प्रमोदिनीला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती कठड्यापलीकडे बाजाराकडे बघत होती.

"मधूचं तुला सांगितलेलं आठवतं?" तिने विचारलं.

आठवणार नाही तर काय. मधू आमच्याच ऑफिसातला, आईबाप नसलेला, नाकासमोर चालणारा. पण मी झाशीला येईतो त्याची बदली झालेली. मी फक्त ऐकून होते.

"अण्णा तेव्हा आजारी असायचे, आई थकलेली. मला घर सोडता येत नव्हतं. मधू म्हणाला, मी तुमच्या घरी येऊन राहतो. अण्णांनी एका वाक्यात निकाल दिला. शिक्केनविसांच्या घरात घरजावई राहणार नाही, आजवर राहिला नाही. दादा माझ्या बाजूने भांडला, दोन दिवस जेवला नाही. पण अण्णांपुढे कुणाचं चालायचं? एकोणीसशे चौऱ्याहत्तर, जून महिना. मी रागावले नाही कधी. वाटायचं, घराण्याची रीतच तशी, ते तरी काय करणार. पुढे सतरा वर्षं अण्णांचं सगळं मी केलं, अगदी शेवटपर्यंत."

मला आता चोर कळला होता आणि त्याचं कारणही कळलं होतं. निदान माझी तशी समजूत होती.

५

शुक्रवारी चार वाजता मी सगळ्यांना बैठकीत बसवलं. मिलिंदराव, सुबोध, मेघना, प्रमोदिनी. दत्तात्रेयजी आपल्या खुर्चीत, गुडघ्यांवर हात ठेवून.

"पान चोराने नेलेलं नाही," मी म्हणाले. "चोर पान फाडतो. जोडपान निसटू नये म्हणून पट्टी लावून, मोरचुदाची खळ घालून कोण चिकटवेल? ज्याचा त्या वहीवर जीव आहे तोच. शिवाय त्याला मोडी येत असली पाहिजे. मिलिंदरावांना येते, पण खळ शिजली तेव्हा ते पुण्यात होते. दत्तात्रेयजी, माफ करा. राहता राहिलात तुम्ही."

सुबोध उठून उभा राहिला. "मावशी, काय बोलताय?"

"बस खाली," दत्तात्रेयजी म्हणाले. "बरोबर बोलतायत त्या."

मग मी अनुसूयेचं सगळं सांगितलं. मिलिंदराव भराभर टिपून घेत होते. शेवटी मी म्हणाले, आणि माझा आवाज जरा चढलाच, कारण मला राग आला होता, "घरजावयाचा वंश म्हणायची लाज वाटली तुम्हाला. ज्या घराने घरजावई नको म्हणून या बाईचं लग्न मोडलं, ते घरच घरजावयाने चालवलं, हे बहिणीला कळू नये म्हणून तुम्ही पान लपवलंत."

"हो," दत्तात्रेयजी म्हणाले. "लाज वाटली. झालं समाधान? आता संपवा हे."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझा एक अंदाज कधी चुकला नाही. खरा धनी पार्सल ओळखायला वेळ घेतो, उलटून पालटून बघतो. जो पटकन 'माझंच' म्हणतो त्याचं ते नसतं. दत्तात्रेयजींनी माझा आरोप फार पटकन घेतला. मी तोंड उघडायच्या आत प्रमोदिनी बोलली.

"दादा, खोटं बोलू नकोस."

"अगं, मी कबूल करतोय ना."

"तुला घरजावयाची लाज असती तर तू माझ्यासाठी उपाशी राहिला नसतास. मधूला स्टेशनवर पोचवायला तूच गेला होतास. त्या पानात अनुसूया आहे एवढंच असतं, तर तू मला हाक मारून वाचून दाखवलं असतंस. हसला असतास. आणखी काय आहे त्यात?"

"काही नाही."

"तीस वर्षांचं काम तू पाण्यात सोडायला निघालास. माझी एक ओळ जाणार हे माहीत असून सोडायला निघालास. पान आण, दादा."

म्हातारा उठला. उठताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला आपण या घरात आलो नसतो तर बरं झालं असतं असं वाटलं. आतल्या खोलीतून त्यांनी एक पाकीट आणलं. पान त्यात होतं, मऊ कापडात गुंडाळलेलं. ते त्यांनी मिलिंदरावांकडे दिलं नाही, मलाही नाही. स्वतःच धरून ठेवलं.

६

"वाच," प्रमोदिनी म्हणाली.

दत्तात्रेयजींनी चष्मा लावला. आजोबांनी लिहिलेला मजकूर सरळ होता. केशवपंत व त्यांचे दोन्ही पुत्र धामधुमीत गेले. कन्या अनुसूया वाचली. काश्यप गोत्री विठ्ठल नावाचा अनाथ मुलगा पाहून तिचा विवाह केला, व नाव बुडू नये म्हणून त्यास या घरचे आडनाव दिले. वंश अनुसूयेकडून चालला, हे पुढच्यांनी विसरू नये.

"समासात काय आहे?" प्रमोदिनीने विचारलं. तिला मोडी येत नव्हती, पण कडेला निळ्या शाईच्या दोन ओळी होत्या, आणि बाकी पान काळ्या शाईचं होतं.

"ते नको, पमे."

"शाई अण्णांच्या पेनची आहे. ओळखते मी. वाच."

मला तेव्हा कुठे प्रकाश पडला. आजोबांनी वही आपल्या मुलाकडे, म्हणजे अण्णांकडेच दिली असणार, आणि त्यांना मोडीही शिकवली असणार. या घरात मोडी येणारं तिसरं माणूस होऊन गेलं होतं आणि मी ते धरलंच नव्हतं.

दत्तात्रेयजींनी पान खिडकीच्या उजेडात धरलं. मग त्यांनी एका दमात वाचलं. "'हे कोणास सांगू नये. प्रमोदिनीस तर नाहीच.' खाली तारीख आहे. बारा जून एकोणीसशे चौऱ्याहत्तर."

खाली दुकानात एक बाई वह्यांना घालायचा खाकी कागद मागत होती, तेवढंच ऐकू येत होतं.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," प्रमोदिनी म्हणाली. "आजवर राहिला नाही असं मला सांगितलं, तेव्हा हे पान वाचून आले होते."

"मला दोन वर्षांपूर्वी कळलं," दत्तात्रेयजी म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "तू त्यांचं अंगावरचं पांघरूणसुद्धा सारखं केलंस सतरा वर्षं. तुझ्या मनात ते देवमाणूस आहेत. म्हटलं, राहू दे. पुस्तक गेलं तरी चालेल. मिलिंदरावांनी हे मोठ्यांदा वाचलं असतं गं, तुझ्यासमोर."

सुबोध आत्याजवळ जाऊन बसला. मेघना पदर तोंडाला लावून उभी होती. मला माझ्या हुशारीची शरम वाटत होती, खोटं कशाला बोलू.

प्रमोदिनी रडली नाही. तिने ते पान भावाच्या हातातून घेतलं. मग म्हणाली, "घराण्याची रीत म्हणून सोसलं मी. रीत असती तर काही वाटलं नसतं. ही रीत नव्हती, दादा. ही त्यांची मर्जी होती. एकदा तरी सांगायला हवं होतं त्यांनी. मरताना तरी. मी उशाशीच होते."

"हो," दत्तात्रेयजी म्हणाले.

"आणि तू पण सांगायला हवं होतंस."

"हो."

मिलिंदरावांनी टिपणं बाजूला ठेवली. "ताई, आमच्या नियमात मुलींची संतती येत नाही. पण आजोबांनी इथे लिहून ठेवलंय, वंश अनुसूयेकडून चालला. मी समितीत भांडेन. झाशीची शाखा अनुसूयेच्या नावाने लावा म्हणेन. निकाल काय लागेल, सांगू शकत नाही."

"भांडा," प्रमोदिनी म्हणाली. "फोटो काढून न्या. पान मात्र इथेच राहील." आणि भावाकडे वळून, "तुझं पेन दे."

तिने पान मांडीवर पाटी ठेवून त्यावर घेतलं. वडिलांच्या दोन ओळींखाली बोटभर जागा होती. आयुष्यभर फळ्यावर लिहिलेल्या हाताने, सुबोधच्या पोरांनाही वाचता यावं अशा मोठ्या बाळबोध अक्षरात, तिने लिहिलं: 'हे सर्वांस सांगावे.' मग तारीख घातली, आणि सही केली, 'प्रमोदिनी शिक्केनवीस, अनुसूयेची पणती.'

शाई वाळेपर्यंत तिने पान हातात धरलं. मग ते दत्तात्रेयजींना दिलं आणि म्हणाली, "आता नीट शिवून टाक."